खंडेनवमीची बंदूक

"ठेव! खाली ठेव ती! हात काढ त्याच्यावरचा, काढ म्हणते ना!"

बायकोचा हा आवाज चामराजपेटेतल्या आमच्या घरातून निघाला तो थेट मार्केटच्या कमानीला आपटून परत आला असणार. कारण समोर रिक्षा धूत बसलेल्या माणसाची बादली लवंडली, शेजारच्या अक्कांनी रांगोळीतल्या कमळाला सातवी पाकळी काढायच्या ऐवजी अंगणभर एक रेघ ओढली, आणि दोन्ही काखांत पूजेनंतर फोडायचा एकेक कोहळा घेऊन उंबऱ्यात उभा असलेला मी हसलो. हो, हसलो. खंडेनवमीची सकाळ होती, बंगळुरातली झाडून सगळी यंत्रं न्हाऊन हार घालून बसली होती, आणि आमच्याकडं माझी सहा वर्षांची लेक देवघरात बंदूक मांडीवर घेऊन बसली होती.

बंदुकीचा दस्ता तिच्या पोटाशी. नळीचं तोंड दाराकडं, म्हणजे माझ्याकडं. अगदी नेमकं सांगायचं तर डाव्या काखेतल्या कोहळ्याकडं. आणि पोरगी जीभ बाहेर काढून, दोन्ही अंगठे लावून, बंदुकीचा घोडा मागं ओढत होती.

"अगं, ओढू दे की," मी म्हणालो. "दुपारी अण्णा तिच्या हातात देणारच आहेत. चार तास आधी, एवढंच."

 हातातलं तबक टाकून बायको वाकली, आणि घोडा पोरीच्या अंगठ्यांखालून सुटला त्याच क्षणाला तिनं आपलं बोट मध्ये घातलं. दर वर्षी ऐकू येणारा 'टक्' असा आवाज आला नाही. आला तो मऊ होता. घोडा तिच्या नखावर पडला होता.

ती ओरडली नाही. जे ओरडायचं ते आधीच ओरडून झालं होतं. तिनं घोडा उचलला, बोट काढून घेतलं, बंदूक पाटावर ठेवली, नळी भिंतीकडं केली, आणि मला म्हणाली, "इकडं या. हे बघा."

घोडा जिथं आपटतो तिथं बारीक भोकाचं एक पोलादी बोंड असतं. त्या बोंडावर खेळण्यातल्या पिस्तुलाची तांबडी टिकली बसवलेली होती. थुंकी लावून, नीट मधोमध.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना, टोपी घातली की ती बोलते."

आता ही बंदूक समजून घ्यायला हवी. ती ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर कागद किंवा चिंधी कोंबायची, मग छर्रे, परत कागद, आणि लांब गजानं सगळं ठासायचं. मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि समोर जे कोण असेल ते नाहीसं होतं. टोपी नसेल तर नुसतं 'टक्'.

आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य हे 'टक्'. लोक खंडेनवमीला कात्री पुजतात, विळी पुजतात, बसच्या स्टिअरिंगला हळद लावतात. आम्ही बंदूक पुजायचो, आणि आरती झाली की घरातल्या प्रत्येक पोरानं तिचा चाप ओढायचा. ज्याला दोन दात आले ते पोर लायक. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, स्वतः घोडा मागं करून द्यायचे, पोराचं बोट चापावर ठेवायचे, 'टक्' वाजलं की "हर हर महादेव", आणि पोराच्या तोंडात म्हैसूरपाक. मी अकराव्या महिन्यात चाप ओढला, आणि म्हैसूरपाक यायला उशीर झाला म्हणून नळीच चावलो. दोन दातांची खूण नळीवर अजून आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी येऊन हात फिरवून बघावा.

देव पूर्वेकडं तोंड करून बसवलेले, त्यामुळं पाटावरच्या बंदुकीचं तोंड आपोआप बैठकीच्या खोलीकडं यायचं. आणि बैठकीच्या खोलीत, आपापल्या लेकराची पाळी नीट दिसावी म्हणून, अख्खं खानदान ओळीनं मांडी घालून बसलेलं असायचं. पुढं लहान, मागं मोठी.

बंदुकीची मूळ गोष्ट एवढीच, की आमच्या पणजोबांनी ती कुणाकडून तरी घेतली आणि तिच्या आवाजानं शेतातली डुकरं पळायची. एवढ्यावर कुणाची छाती फुगणार? म्हणून मी लेकीला जरा सविस्तर सांगितलं होतं. बन्नेरघट्टच्या रानात एकाच बारात वाघ पडला, वाघामागचा रानडुक्कर पडला, डुकरामागं उभ्या इंग्रजाची टोपी उडाली, आणि तरीही उरलेला एक छर्रा आंब्याच्या देठाला लागून पणजोबांच्या ओंजळीत पिकलेला आंबा आला. पोरगी आंब्याशी अडली नाही, वाघाशी अडली नाही. तिनं विचारलं, "मग आता का नाही बोलत ती?" मी म्हणालो, "डोक्यावर टोपी नाही ना तिच्या. टोपी घातली की बोलेल." आणि त्याच आठवड्यात चिक्कपेटेतून तिला पत्र्याचं पिस्तूल आणि टिकल्यांची डबी मीच आणून दिली होती.

बायकोनं पोरीला शेजारच्या अक्कांकडं पाठवलं. बोटाला ओला कपडा गुंडाळला. नख तोवर जांभळं झालं होतं.

"नळीत काय आहे?" तिनं विचारलं.

"काय असणार? काही नाही."

"बघितलंय?"

"अगं, पूजेची वस्तू आहे. वर्षभर अण्णांच्या ट्रंकेत कुलपात असते."

"तुम्ही बघितलंय का, एवढंच विचारतेय."

मी तिला सरकारची साक्ष काढून दाखवली. त्या वर्षांत निवडणुका पावसासारख्या यायच्या, आणि निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मीच ती रिक्षातून पोचवायचो. ठाण्यातला हवालदार तिच्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची हळद बघून बूट काढायचा, "पूजेची आहे? सरी, सरी, बरं बरं," म्हणून हात जोडायचा आणि सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायचा. दोन-दोन महिने सरकारच्या ताब्यात राहिलेली बंदूक भरलेली कशी असेल?

"म्हणजे त्यानंही बघितलं नाही," बायको म्हणाली. "तिकडं पीण्याच्या शेडमध्ये दिवसभर केसाच्या जाडीवरून माणसं सोलून काढता. ह्याचं माप चुकलं, त्याचं माप चुकलं. घरातली नळी कधी मोजली?"

"अण्णांना काय वाटेल? खंडेनवमीच्या दिवशी देवापुढून उचलायची? आणि काही निघालं नाही म्हणजे? जन्मभर ऐकवतील."

"ऐकवू देत. संध्याकाळी बेळगावची गाडी आहे. ती तपासून आणा, नाहीतर दोन तिकिटं आणा. एक माझं, एक तिचं."

माझी बायको बेळगावची. तिथली माणसं आवाज चढवून बोलतात तोवर भीती नसते. हे ती हळू म्हणाली होती.

अण्णा देवळात गेले होते, मुहूर्त साडेबाराचा होता, आणि घड्याळात पावणेनऊ वाजले होते. मी बंदूक चादरीत गुंडाळली आणि समोरच्याच रिक्षात बसलो. रिक्षेला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधलेले, काचेवर गंध, आत उदाचा एवढा धूर की चालक मला दिसत नव्हता आणि त्याला रस्ता.

"एन् सार, अदु?" त्यानं चादरीकडं बघून विचारलं. काय आहे ते?

"पडद्याचा गज."

"जड दिसतोय."

"पडदा जड आहे."

तो हसला. मीही हसायला गेलो आणि तेवढ्यात ध्यानात आलं की नळीचं तोंड त्याच्या मानेमागं आहे.

मी ती उजवीकडं वळवली. उजवीकडं सिग्नलला एक स्कूटर उभी होती, हँडलला झेंडूची माळ, आणि पुढं उभं एक पोर, नव्या चड्डीत, माझ्याकडं बघून दात दाखवत होतं. डावीकडं वळवली. डावीकडं फूटपाथवर कोहळ्यांचा ढीग आणि ढिगावर दोन मुली बसलेल्या. सरळ वर धरली तर माझी हनुवटी. त्या दिवशी मला कळलं की बंदूक कुठंतरी रोखावीच लागते. हातात धरायची म्हणजे कुणाच्या तरी दिशेला धरायची. आणि सणाच्या दिवशी बंगळुरात अशी एकही दिशा नव्हती जिच्यात एखादं पोर नव्हतं. शेवटी नळी खाली, पायांच्या मधून रिक्षाच्या पत्र्याला टेकवून, मी पीण्यापर्यंत खड्डे मोजत गेलो. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायचो. त्या रस्त्यावर ज्यानं प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटले, तो माणूस आंधळाच प्रवास करतो.

पीण्याला माझी लहानशी शेड होती. चार लेथ, एक ड्रिल, सहा माणसं. ती माणसं बायकापोरं घेऊन आली होती. लेथ धुऊन पुसून लख्ख, त्यांच्या फिरत्या चकांवर हळदकुंकू, बेडवर केळीची पानं, आणि एका लेथच्या बेडवर चौघं पोरं ओळीनं बसून चुरमुरे खात होती. पुढं लहान, मागं मोठी.

"मेस्त्री," मी म्हणालो, "सगळ्या पोरांना बाहेर न्या. गेटच्या बाहेर. बायकांनाही."

मेस्त्री आमच्याकडं सगळ्यांत जुने; मिशा पांढऱ्या, बोटं साडेआठ. त्यांनी माझ्या काखेतली चादर बघितली आणि काही न विचारता पोरांना उठवलं. परत आले तेव्हा मी चादर सोडली होती.

ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे कळायला तिला विचारावं लागत नाही. गज नळीत टेकेपर्यंत घालायचा, तोंडाशी खडूनं खूण करायची. मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा, खुणेपासून बोंडापर्यंत. दोन्ही सारखं आलं तर आत काही नाही.

सारखं आलं नाही. नव्वद मिलिमीटरचा फरक. चार बोटं आणि वर.

मी परत मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. माझ्या शेडमध्ये कुणी तिसऱ्यांदा मोजायला लागला की मी त्याला म्हणायचो, अरे, लोखंड काय घाबरून लांब होणार आहे का.

"गंज असेल सार," मेस्त्री म्हणाले.

"असेल."

"कुणी चिंधी घातली असेल, उंदीर जाऊ नये म्हणून."

"असेल."

"आणि दारू असली तरी जुनी. तुमच्या आजोबांच्या वेळची. माती झाली असेल तिची."

"मेस्त्री, खेळण्यातली टिकली लावली तर उडते का हो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आमच्या गावात काडीपेटीचं गूल लावून उडवतात सार. डुकरांना." मग म्हणाले, "कुणी लावली?"

मी पाण्याचा डबा उचलला. त्यांना सहा नातवंडं होती आणि त्यांनी परत विचारलं नाही.

नळीत पाणी ओतलं. अर्धा तास वाट बघितली. तो अर्धा तास लेथवरचे दिवे शांत जळत होते आणि गेटबाहेर पोरं कसलंतरी खेळत होती, "धिशांव, धिशांव" असं ऐकू येत होतं. मग बंदूक व्हाईसच्या जबड्यात पकडली, तोंड मागच्या दगडी कंपाउंडकडं. मेस्त्रींनी एका गजाच्या टोकाला लाकडात पिळायचा स्क्रू वेल्ड केला. गज आत घालून फिरवला, आणि सावकाश, दाढ उपटावी तसा, ओढला.

आधी कागदाचा बोळा आला. व्हाईसचा दांडा ढिला करून मी नळी तिरकी केली तेव्हा छर्रे आले. केळीच्या पानावर टप टप पडले, मोठ्या वाटाण्याएवढे. मी मोजले नाहीत. मेस्त्रींनी मोजले असावेत. त्यांचे ओठ हलत होते. मग दुसरा बोळा, आणि मागून काळा चिखल. गंधकाचा वास शेडभर पसरला. उदबत्त्यांच्यावर चढला.

इथपर्यंत मी मनात आजोबांना शिव्या घालत होतो. मेलेल्या माणसाला शिव्या घालणं सोपं असतं. जुन्या जमान्यातलं विसरभोळं माणूस, भरून ठेवली, काढायची राहिली. हे मी बायकोला कसं सांगणार, त्यात वाघ घालायचा की नाही, इथवर माझी जुळवाजुळव झाली होती.

मेस्त्रींनी पहिला बोळा चिमटीत धरून पानावर उलगडला. खिशातून चष्मा काढून लावला.

"सार," ते म्हणाले, "हे बघा."

कागद पिवळा नव्हता. ओला होता, काळा झाला होता, पण कडेला पांढराशुभ्र. कानडी वर्तमानपत्राचा तुकडा. साडी नेसलेल्या एका बाईचा अर्धा चेहरा, आणि खाली दसऱ्याच्या सवलतीची जाहिरात, सूट फक्त या शनिवारपर्यंत.

"हा रविवारचा पेपर आहे," मेस्त्री म्हणाले. "माझ्या घरी पण हाच येतो. बायकोनं हीच जाहिरात कापून ठेवलीय."

त्या दिवशी गुरुवार होता.

परत येताना रिक्षात बंदूक रिकामी होती, तरी मी ती तशीच पायांत धरून, तोंड पत्र्याला टेकवून आलो. ट्रंकेची किल्ली कुणाच्या जानव्याला असते हे मला माहीत होतं. घरात तो पेपर कोण वाचतं तेही माहीत होतं. तरी मी सगळ्या रस्त्याभर दुसरं कुणीतरी शोधत होतो.

कारण अण्णा कसे होते ते सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कापसासारखे. गल्लीतलं कुठलंही पोर रस्ता ओलांडायला उभं दिसलं की हातातली पिशवी खाली ठेवून त्याचा हात धरून पलीकडं सोडून यायचे, मग ते पोर पलीकडं जायला उभं असो वा नसो. मागच्या बोळातल्या जुन्या विहिरीवर महापालिकेच्या मागं लागून लागून त्यांनीच लोखंडी जाळी बसवून घेतली होती, आणि दर रविवारी तिच्यावर उभं राहून ती धरते का ते बघायचे. माझ्या लेकीला शेंगदाणे द्यायचे ते आधी दोन भाग करून, घशात अडकू नये म्हणून.

ते रिकाम्या पाटापुढं बसले होते. साडेबारा टळून गेले होते. बायको दाराशी उभी, पोरगी कडेवर. सहा वर्षांचं घोडं कडेवर घेऊन ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कुठं नेली होतीस?" अण्णांनी विचारलं.

मी बंदूक पाटावर ठेवली. तिच्यापुढं केळीचं पान ठेवलं. छर्रे, काळा चिखल, जाहिरातीचा तुकडा. बायको पुढं आली आणि तिनं पोलक्यात जपून ठेवलेली तांबडी टिकली काढून त्या पानावर ठेवली.

"अण्णा, ही भरलेली होती," मी म्हणालो.

"होती."

"कुणी भरली?"

"मी. परवा. तू शेडवर गेलेलास."

"का?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "दर वर्षी भरतो. रिकामं शस्त्र देवापुढं ठेवतात होय? ते मेलेलं शस्त्र. नवी दारू, नवे छर्रे, आणि दसऱ्याच्या पहाटे काढून टाकायचे. थोरल्यानं करायचं आणि कुणाला बोलायचं नाही. मला वडलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या." मग जरा दुखावल्यासारखे होऊन म्हणाले, "माझ्या मागं तूच करायचंस, तुला सांगणारच होतो."

"मी चाप ओढला तेव्हा पण?"

"तेव्हा तुझे आजोबा होते. त्यांनी भरलेली."

माझ्या डोळ्यापुढं ती बैठकीची खोली आली. ओळीनं बसलेली आई, काकू, आत्या, चुलतभावंडं, सगळ्यांचे चेहरे इकडं वळलेले, हसणारे. अकरा महिन्यांचं एक बोट. पुढं काही सांगता येईना. मला, ज्याला एका छर्ऱ्यात आंबा पाडता येतो त्याला.

बायकोनं पोरीला घट्ट धरलं. बांधलेल्या बोटानं पानाकडं दाखवत तिनं विचारलं, "आणि अण्णा, दर वर्षी पोरं चाप ओढायची, ते?"

अण्णांनी तिच्या बोटाकडं बघितलं. मग टिकलीकडं. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"टोपी माझ्या खिशात असते," ते म्हणाले.